शेकस्ते म्हणजे मोडकी नव्हे

आपल्याकडे फारसी शिकणारा विद्यार्थी तीन-चार वर्षांच्या अभ्यासानंतर सादीचे गद्य वाचतो, हाफिजच्या गझलेचा अन्वय लावतो, मोगल फर्मानातली लांबलचक बिरुदावली न अडखळता ओलांडतो. याच विद्यार्थ्यासमोर असगर फरहादीचा एखादा चित्रपट उपशीर्षके झाकून लावावा. नामे त्याच्या ओळखीची निघतील. क्रियापदे मात्र एकामागून एक निसटत जातील. 'मीरम', 'मीगम', 'मीखाम', 'नेमीतूनम' ही रूपे त्याच्या व्याकरणाच्या पुस्तकात नसतात. शिक्षकांना विचारावे, तर ठरलेले उत्तर येते: ती 'शेकस्ते' भाषा, म्हणजे मोडकी, तिला व्याकरण नसते, ती असभ्य आहे, शिष्ट माणसे तिच्या वाटेला जात नाहीत, आणि तेहरानला गेलात तर आठ दिवसांत कानांवर पडून येईल.

या उत्तरातले प्रत्येक विधान चुकीचे आहे. बोलल्या जाणाऱ्या फारसीला व्याकरण आहे आणि ते नेमके सांगता येते. शिष्ट माणसे तीच बोलतात आणि फारसीतल्या उत्तम लेखकांनी ती लिहिलीही आहे. ती 'आपोआप' येत नाही, कारण आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना तेहरानला जाण्याचा योग कधी येत नाही. त्यांच्या वाट्याला पुस्तके येतात, आणि त्या पुस्तकांतली पात्रे 'मोडके' बोलत असतात. तेव्हा ही उपेक्षा सर्वांत जास्त भोवते ती पर्यटकाला वा व्यापाऱ्याला नव्हे. ती भोवते साहित्याच्या विद्यार्थ्याला, म्हणजे ज्याच्या नावाने ग्रांथिक फारसीचे सोवळे पाळले जाते त्यालाच.

पुढील उदाहरणे आजच्या तेहरानी उच्चाराप्रमाणे, नुक्ते गाळून, देवनागरीत दिली आहेत. 'बोलभाषा' हा शब्द येथे प्रांतिक बोली या अर्थाने वापरलेला नाही. इस्फहान, शिराझ, मशहद यांच्या लकबी वेगळ्या. काबूल आणि दुशांबे येथील फारसीची तर बोलण्याची स्वतंत्र वळणे आहेत. येथे अभिप्रेत आहे ती राजधानीच्या बोलण्यावर घडलेली आणि नभोवाणी, चित्रपट, दूरचित्रवाणी यांनी देशभर पोचवलेली भाषा. इराणी डॉक्टर, प्राध्यापक आणि न्यायाधीश घरी आल्यावर हीच बोलतात.

आधी 'शेकस्ते' या शब्दाचाच हिशेब करू. 'शेकस्तन' म्हणजे मोडणे, 'शेकस्ते' म्हणजे मोडलेले. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा शब्द भारतीय उच्चारात चांगला परिचयाचा आहे: शिकस्ता. नस्तालीकची जलद, वळणे मोडून लिहिलेली ही लिपी मोगल आणि दख्खनी कचेऱ्यांतल्या फारसी कागदांत पानोपानी भेटते. ती वाचता यावी म्हणून महाराष्ट्रातल्या संशोधकांच्या पिढ्यांनी डोळे शिणवले. शिकस्ता वाचणारा माणूस आपल्याकडे मोठा फारसीदान गणला जातो, आणि ते योग्यच आहे. आपल्या मोडीचे नावही 'मोडणे' या धातूवरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. मोडीला बिघडलेली बाळबोध म्हणून टाकून द्यावे, असे आजवर एकाही इतिहासकाराने सुचवलेले नाही. वेगाने चालणाऱ्या हाताने अक्षर मोडले तर ती कला ठरते, तिचे वर्ग निघतात. वेगाने चालणाऱ्या जिभेने शब्द मोडला की तो मात्र भ्रष्ट ठरतो. या दुटप्पीपणाला शास्त्राचा कोणताही आधार नाही. लिपी कागदावर सापडते आणि जीभ माणसाच्या तोंडात असते, एवढाच फरक आहे. आणि आपल्याकडच्या फारसी अध्ययनाला माणसांपेक्षा कागदाची सवय जास्त आहे.

आता व्याकरण. मोडण्याला नियम नसतो, असे म्हणणाऱ्यांनी क्रियापदापासून सुरुवात करावी. 'मी जातो' हे ग्रांथिक फारसीत 'मीरवम', बोलण्यात 'मीरम'. 'मीगूयम' (मी म्हणतो) चे 'मीगम', 'मीदहम' (मी देतो) चे 'मीदम', 'मीशवम' (मी होतो) चे 'मीशम', 'मीखाहम' (मला हवे आहे) चे 'मीखाम', 'मीतवानम' (मी शकतो) चे 'मीतूनम'. धातूचा आखूड झालेला अंश एकदा लक्षात ठेवला की सर्व पुरुषांत आणि वचनांत तोच चालतो. शिवाय हे आखूड होणे सरसकट नाही. 'मीनवीसम' (मी लिहितो) किंवा 'मीपझीरम' (मी मान्य करतो) यांचे धातू बोलण्यातही शाबूत राहतात. झिजतात ते रोजच्या वापरातले मोजके धातू. झिजलेली नाणी बाजारातली असतात, तिजोरीतली नव्हेत.

क्रियापदाच्या शेवटांचेही तसेच. तृतीय पुरुषी एकवचनाचा 'अद' जाऊन 'ए' येतो: 'मीकोनद' (तो करतो) चे 'मीकोने'. 'तुम्ही'चा 'ईद' जाऊन 'ईन', 'ते'चा 'अंद' जाऊन 'अन': 'मीकोनीद' चे 'मीकोनीन', 'मीकोनंद' चे 'मीकोनन'. उरलेल्या तीन जागी काहीही बदलत नाही. 'अस्त' (आहे) चे नुसते 'ए' होते: 'खूब अस्त' चे 'खूबे'. कर्माचा 'रा' हा 'रो' किंवा 'ओ' होतो, अनेकवचनाचा 'हा' हा 'आ' होतो: 'केताबहा रा' चे 'केताबा रो'. हे सगळे पाटीच्या एका बाजूवर मावते. एका तासाचे काम आहे. तो एक तास वाचवण्यासाठी आपण विद्यार्थ्याचा कान जन्मभर बंद ठेवतो.

'आन' चे 'ऊन' होणे ही या भाषेची सर्वांत प्रसिद्ध खूण: 'नान' (पोळी) चे 'नून', 'खाने' (घर) चे 'खूने', 'खियाबान' (रस्ता) चे 'खियाबून'. 'म'पुढेही हेच घडते, म्हणून 'आमदम' (मी आलो) चे 'ऊमदम'. पण 'कोरआन' चे कधी 'कोरऊन' होत नाही, 'एमकान' (शक्यता) हा शब्दही बदलत नाही. घरातले, बाजारातले शब्द वळतात. धर्मग्रंथातले आणि विद्वज्जनांचे शब्द वळत नाहीत. हा निव्वळ आळस असता तर त्याने शब्दाची प्रतिष्ठा पाहून पाऊल टाकले नसते. बोलणाऱ्याच्या मनात आपल्या शब्दसंपत्तीची एक उतरंड पक्की आहे आणि उच्चाराचा नियम त्या उतरंडीला धरून चालतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून मोलाची माहिती दुसरी कोणती द्यावयाची?

येथवरचे फरक 'ग्रांथिक रूप वजा काहीतरी' असे मांडता येतात आणि त्यामुळे 'मोडकी' हा शब्द तग धरून राहतो. परंतु ग्रांथिक भाषेत नसलेल्या काही गोष्टी बोलभाषेत आहेत. 'पेसर' म्हणजे मुलगा. बोलण्यात 'पेसरे', शेवटच्या 'ए'वर आघात देऊन, म्हणजे 'तो मघाचा मुलगा', ज्याच्याविषयी आपण बोलत होतो तो. ग्रांथिक फारसीत असा निश्चितार्थी प्रत्यय नाही. हाच 'ए' आघाताविना आला आणि पुढे नाव आले की तो इजाफत होतो: 'पेसरे अली', अलीचा मुलगा. आघाताविना वाक्याच्या शेवटी आला की तो 'आहे' होतो. एका स्वराची ही तीन कामे, आणि चौथे वर पाहिलेल्या क्रियापदाच्या शेवटाचे. ती केवळ आघाताने आणि जागेने वेगळी राहतात. ज्या भाषेला व्याकरण नाही तिला एवढी कसरत करण्याचे कारण पडले नसते.

पूर्ण वर्तमानकाळ पाहा. 'मी गेलो' म्हणजे 'रफ्तम'; 'मी गेलो आहे' हे ग्रांथिक रूप 'रफ्ते-अम'. बोलण्यात दोन्ही 'रफ्तम' होतात, पण पहिल्यात आघात 'रफ्'वर पडतो आणि दुसऱ्यात शेवटच्या 'तम'वर. अक्षरे तीच, काळ वेगळा. फारसीत आघात व्याकरणाचे काम करतो, हे फक्त डोळ्यांनी भाषा शिकलेल्याला कधी कळतच नाही. किंवा चालू काळ पाहा: 'दारम मीरम', म्हणजे 'मी जातोय'. 'दाश्तन' (जवळ असणे) या क्रियापदाला साहाय्यक करून घडवलेला हा काळ जुन्या कवींच्या भाषेत नाही. बोलण्यातून तो कथागद्यात शिरला, आणि कचेरीची भाषा अजूनही त्याला बिचकून असते. त्याला एक बंधनही आहे: तो नकारार्थी होत नाही. 'मी जात नाहीये' म्हणायचे तर साधे 'नेमीरम'. विधिनिषेध असणे हेच तर व्याकरण.

वाक्यरचनाही बदलते. ग्रांथिक वाक्य 'बे खाने रफ्तम' असे असेल, तर बोलण्यात 'रफ्तम खूने': शब्दयोगी 'बे' गेले आणि गंतव्य क्रियापदाच्या मागे जाऊन बसले. 'बे ऊ गोफ्तम' (मी त्याला म्हटले) याऐवजी 'बेहेश गोफ्तम'. 'फर्दा खाहम रफ्त' हा ग्रांथिक भविष्यकाळ बोलण्यात जवळपास ऐकू येत नाही. 'फर्दा मीरम' म्हटले की पुरते. आपणही 'उद्या जातो' असेच म्हणतो.

यावर आक्षेप येतो की असेल व्याकरण, पण ते भ्रष्ट रूपांचे. मूळ शुद्ध भाषा पुस्तकातली. इतिहास या आक्षेपाची पाठराखण करीत नाही. आजची ग्रांथिक फारसी 'ऊ रा दीदम' (मी त्याला पाहिले) असे कर्म सुटे लिहिणे पसंत करते. बोलभाषा म्हणते 'दीदमेश', सर्वनाम क्रियापदाला चिकटवून. जुन्या कवींचे दिवाण ज्याने चाळले आहेत त्याला 'दीदमश', 'गोफ्तमश' ही चिकटलेली रूपे पानोपानी भेटली असतील. येथे सादी-हाफिजांच्या जवळ कोण आहे? वर्तमानपत्राचा अग्रलेख की तेहरानचा भाजीवाला? तीच गोष्ट 'आणि'ची. फारसीत 'वाव' हे अक्षर लिहून पुस्तकी वाचनात 'व' म्हणतात. तो उच्चार अरबीच्या वळणाचा आहे. बोलण्यातला 'ओ' हा इस्लामपूर्व मध्य-फारसीतल्या 'उद'चा वंशज आहे. 'गोल ओ बोलबोल' म्हणताना बोलणारा माणूस हजार वर्षांहून जुना धागा धरून असतो. आणि येथे गंमत अशी की अभिजात काव्याचे वृत्तही बहुधा हाच 'ओ' मागते. सर्वत्र 'व' वाचणाऱ्याची गझल ठेच लागल्यासारखी चालते. म्हणजे हाफिज नीट वाचायचा तरी रस्त्यावरच्या उच्चाराची ओळख लागतेच.

शुद्धतेचा दावा आपल्याकडून तर अधिकच जपून व्हावा. भारतात परंपरेने शिकवल्या जाणाऱ्या फारसीने जुने 'ए' आणि 'ओ' हे दीर्घ स्वर जपले. मराठीतल्या 'दोस्त', 'रोज', 'पेशवा' या शब्दांत ते ऐकू येतात. इराणने ते कधीच 'ऊ' आणि 'ई'मध्ये मिळवून टाकले. तेथे 'दूस्त', 'रूझ', 'पीश' असे म्हणतात. आपला उच्चार काही बाबतींत त्यांच्याहून जुना आहे, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण मग 'जुने ते शुद्ध' या कसोटीवर तेहरानची ग्रांथिक फारसीही नापास होते, हे मान्य करावे लागेल. कसोटी सोयीप्रमाणे बदलता येणार नाही.

दुसरा आक्षेप सभ्यतेचा. बोलीरूपे वापरणे उद्धटपणाचे, असे विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवले जाते. फारसी समाजातला 'तआरोफ', म्हणजे आदरातिथ्याचा आणि नम्रतेचा तो सगळा विस्तृत व्यवहार, ज्याने थोडाफार पाहिला आहे त्याला हे विधान हास्यास्पद वाटेल. घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याला यजमान 'बेफरमायीन' म्हणतो, 'तश्रीफ बियारीन' म्हणतो. शब्द दरबारी आहेत आणि प्रत्यय बोलीतला 'ईन' आहे. ग्रांथिक 'बेफरमायीद', 'तश्रीफ बियावरीद' हे निमंत्रणपत्रिकेत शोभेल. दारात उभे राहून म्हटले तर त्यात परकेपणा येईल. आदर आणि औपचारिकता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आपल्याकडे जावई आल्यावर सासूबाई 'या ना, बसा ना, केव्हा निघालात?' असे म्हणतात. त्यांनी 'आपण यावे, आसनस्थ व्हावे, आपले प्रस्थान केव्हा झाले?' असे विचारले, तर जावई काय चुकले म्हणून घाबरेल. पुस्तकी फारसी बोलणाऱ्या आपल्या पदवीधराकडे इराणी माणूस प्रेमाने पाहतो, पण त्याला हसू आवरावे लागते. कारण समोरचा माणूस चहाच्या कपामागून बातम्या वाचतो आहे असे त्याला वाटत असते.

आणि आता साहित्य. येथे शिक्षकांचा बचाव पूर्णच कोसळतो. अली-अकबर देहखोदा हे फारसीच्या महाकोशाचे कर्ते. त्यांच्या विद्वत्तेवर कोणी बोट ठेवणार नाही. याच देहखोदांनी १९०७-०८ मध्ये 'सूरे एस्राफील' या पत्रात 'चरंद परंद' हे उपरोधिक सदर लिहिले, ते लोकांच्या बोलण्याच्या वळणावर. १९२१ मध्ये बर्लिनहून मोहम्मद-अली जमालझादे यांचा 'येकी बूद येकी नबूद' हा कथासंग्रह निघाला. त्याची प्रस्तावना साहित्यात लोकशाही आणण्याचा जाहीरनामा मानली जाते, आणि संग्रहाच्या शेवटी लेखकाने बोलीतल्या शब्दांची यादी जोडली आहे. त्यातली 'फारसी शेकर अस्त' ही कथा आपल्या प्रत्येक फारसी विभागाच्या दारावर टांगावी अशी आहे. बंदरावरच्या कोठडीत काही माणसे अडकली आहेत. एक मौलवी अरबीने लादलेली फारसी बोलतो, एक युरोपातून परतलेला तरुण फ्रेंचने लादलेली. रमजान नावाचा साधा माणूस दोघांनाही केविलवाणे प्रश्न विचारतो, त्याला एक अक्षर कळत नाही, आणि ही माणसे वेडी आहेत अशी त्याची खात्री होते. शेवटी निवेदक साध्या फारसीत बोलतो तेव्हा त्याच्या जिवात जीव येतो. शंभर वर्षे उलटून गेल्यावर त्या कोठडीत बसवायला तिसरा विद्वान आपण तयार करीत आहोत.

सादेक हेदायत यांचा दाखला मुंबईकरांना जवळचा वाटावा. 'बूफे कूर' ही त्यांची कादंबरी १९३६ मध्ये मुंबईत, हस्ताक्षरावरून काढलेल्या सुमारे पन्नास प्रतींच्या रूपाने, प्रथम बाहेर पडली. तिचा निवेदक एकाकी, आपल्याच सावलीशी बोलणारा. त्याची भाषा लिहिलेली भाषा आहे. त्याच हेदायतांनी तीन वर्षे आधी 'अलवीये खानम' लिहिली होती. मशहदच्या यात्रेला निघालेल्या माणसांच्या भांडणांनी आणि शिव्याशापांनी ती भरलेली आहे, आणि ती ग्रांथिक व्याकरणाच्या बळावर दोन पाने वाचून दाखवावी असे माझे आव्हान आहे. एकच लेखक, दोन व्याकरणे. एक न शिकलेल्याने हेदायत अर्धाच वाचलेला असतो. सादेक चूबक यांची 'संगे सबूर' (१९६६) पात्रांच्या मनातल्या बोलण्यावर उभी आहे. फरूग फर्रुखझाद यांच्या 'तवल्लोदी दीगर' (१९६४) या संग्रहात, आधुनिक फारसी कवितेच्या मानदंडात, एक दीर्घ कविता बोलभाषेत आहे. ईरज पेझेश्कझाद यांच्या 'दाई जान नापोलेओन' (१९७३) मधला विनोद तर निवेदकाची लिहिलेली भाषा, मामांचा खोटा भारदस्तपणा आणि नोकराचे गावठी बोलणे यांच्या घर्षणातून निर्माण होतो. ज्याला तिन्ही एकसारखेच 'फारसी' दिसतात त्याला हसू कोठे यावे हेच कळणार नाही.

पडद्यावरची फारसी प्रथम बोलली तीही मुंबईत. 'दोख्तरे लोर' हा पहिला फारसी बोलपट अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने येथे काढला आणि तो १९३३ मध्ये तेहरानला झळकला. त्याच्या नायिकेच्या बोलण्यात केरमानी हेल होता आणि तो प्रेक्षकांच्या कानांतून सुटला नाही. पहिल्या दिवसापासून फारसी चित्रपटात कोण कसे बोलतो हा अर्थाचा भाग राहिला आहे. फरहादीच्या २०११च्या 'जोदायीये नादेर अझ सीमीन' मध्ये न्यायाधीशासमोर गरीब हुज्जतची तक्रार नेमकी हीच आहे: समोरच्या सुशिक्षित माणसासारखे आपल्याला बोलता येत नाही. त्या क्षणी भाषेचा स्तर हाच खटला होतो. उपशीर्षक वाचणाऱ्याला ही तक्रार कळते; ती कशावर आधारलेली आहे हे मात्र ऐकू येत नाही.

इराणमध्ये या प्रश्नावर सगळे एकमताचे आहेत असे मुळीच नाही. अबुलहसन नजफी यांनी १९८७ मध्ये 'गलत ननवीसीम' (चुकीचे लिहू नये) हे पुस्तक काढले आणि मोठा वाद पेटला. भाषाशास्त्रज्ञ मोहम्मद-रेझा बातेनी यांच्या प्रत्युत्तराचे शीर्षकच 'इजाझे बेदीद गलत बेनवीसीम' (चुकीचे लिहू द्या) असे होते. पण याच नजफींनी १९९९ मध्ये बोलभाषेतल्या फारसीचा दोन खंडांचा कोश सिद्ध केला, आणि त्यातली उदाहरणे आधुनिक कथा-कादंबऱ्यांतून वेचली. लेखनातल्या शिस्तीचा आग्रह आणि बोलण्याविषयी आस्था एका माणसात सुखाने नांदू शकतात. आपल्याकडे मात्र शिस्तीचा आग्रह हे बहुतेक वेळा अज्ञानाचे पांघरूण असते. जे स्वतःला येत नाही ते अशुद्ध ठरवणे सोपे पडते.

याचा अर्थ ग्रांथिक फारसी सोडून द्यावी असा कोणी काढू नये. अलीकडे भ्रमणध्वनीवरचे धडे आणि झटपट संभाषणाची पुस्तके उलट टोकाला गेली आहेत. तेथे 'चेतोरी?' (कसा आहेस?) ने आरंभ होतो आणि बाजारहाटावर समाप्ती. असा विद्यार्थी तेहरानमध्ये जेवण मागवू शकतो, पण वर्तमानपत्राचा मथळा त्याला लागत नाही, भाडेकरार वाचता येत नाही आणि 'खाहम रफ्त' पाहून त्याला 'मला जायचे आहे' असे वाटते. त्याने 'मीरम' पाठ केले आहे, पण त्याच्या मागे 'मीरवम' उभे आहे हे त्याला ठाऊक नाही. म्हणून त्याचे ज्ञान वाढत नाही. एका पक्षाने डोळे दिले आणि कान काढून घेतले, दुसऱ्याने कान दिले आणि डोळे काढून घेतले. इराणी मूल 'मीरम' म्हणत शाळेत येते आणि पहिल्या इयत्तेत 'मीरवम' लिहायला शिकते. ते दोन्ही जपते, आणि केव्हा काय वापरायचे याचे भान हेच त्याचे भाषाज्ञान.

मराठी विद्यार्थ्याला हे भान जड जाण्याचे कारणच नाही, आणि म्हणून आपली हयगय अधिक अक्षम्य आहे. आपण 'असे केले आहे' लिहितो आणि 'असं केलंय' म्हणतो. 'करीत आहे' आणि 'करतोय' यांतले अंतर आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनीही पात्राच्या तोंडची बोलीरूपे उच्चाराप्रमाणे लिहिण्यास वाट ठेवली आहे. फारसी बोलणारा 'खाबम मीयाद' म्हणतो: शब्दशः 'माझी झोप येते'. 'मला झोप येते' म्हणणाऱ्याला यात परके काय वाटणार? 'सर्दमे' म्हणजे 'मला थंडी वाजते'. तेथेही आपल्यासारखाच माणूस कर्त्याच्या जागेवरून खाली उतरून अनुभव घेणारा झाला आहे. इंग्रजीच्या द्वारे फारसी शिकताना ही जवळीक हरवते. फारसी कादंबरी इंग्रजीतून मराठीत येते तेव्हा तर 'मीरवम' आणि 'मीरम' दोन्हींचे एकच सपाट रूप झालेले असते आणि अनुवादक अंदाजाने एखाद्या पात्राला 'आहे' देतो, एखाद्याला 'हाय'. मुळात तो स्तर कोठे होता हे त्याने पाहिलेलेच नसते. थेट फारसीतून अनुवाद करणारा, दोन्ही व्याकरणे जाणणारा मराठी माणूस हे काम इंग्रजी अनुवादकापेक्षा चोख करील, कारण त्याच्या हातात जुळी साधने आहेत. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश देणाऱ्या माधव जूलियनांच्या भाषेत असा अनुवादक निपजणे ही अवास्तव अपेक्षा नाही.

मागणी मोठी नाही. पहिल्याच सत्रात क्रियापदांचा तक्ता दोन स्तंभांत द्यावा, ग्रांथिक आणि बोलीतला, आणि दोन्हींना सारखे गुण असावेत. अभ्यासक्रमात एक तरी आधुनिक कथा अशी असावी की जिच्यात माणसे बोलतात; ती मोठ्याने वाचून घ्यावी, कारण पुष्कळ लेखक रूप पुस्तकी लिहितात आणि ते 'मोडून' वाचणे वाचकावर सोपवतात. परीक्षेत 'शुद्ध करा' असा प्रश्न न घालता 'हे कोण कोणाला, कोठे म्हणत असेल?' असा प्रश्न घालावा. गेल्या काही दशकांत पुण्यात इराणी आणि अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊन राहिले. फारसीच्या वर्गांनी त्यांतल्या कितीजणांना तासाभरासाठी बोलावले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

ज्यांना हे मान्य नाही त्यांनी उत्तर जरूर लिहावे. मात्र 'तिला व्याकरण नाही' हे वाक्य लिहिण्यापूर्वी त्यांनी 'दारम मीरम' चे नकारार्थी रूप करून पाहावे.